हातचा एक

अर्जाच्या सातव्या पानावर नगरपालिका विचारते:
गेल्या वर्षात आपल्या संस्थेने
हिंसेच्या किती घटना टाळल्या?
चौकटीत फक्त आकडा लिहावा.

मी फ्रेसिया. एकोणतीस वर्षं
वालपाराईसोच्या बंदरात, जकात कचेरीत
आलेल्या मालाची नोंद केली.
न आलेल्याची कशी करतात,
ते मला कुणी शिकवलं नाही.

खोटी नोंद मात्र जमते.
ओतिलियाला बावीस वर्षं भाडेकरू म्हणून दाखवलं,
दर महिन्याच्या पावत्या फाडल्या,
सही तिची, शिक्का माझा,
आणि खोली एकच.

झालेल्याचा हिशेब सोपा असतो.
नाउएल. मे महिना. टेकडीच्या जिन्याची
एकशे चौदावी पायरी. तिघं जण.
ओठांवर जांभळा रंग होता त्याच्या, एवढंच.
सतरा टाके. डावा कान अर्धाच ऐकतो.
पोलिसांच्या कागदावर: पाय घसरून पडला.
पाववाल्या एदेल्मिराने ती पायरी
तीनदा घासली,
मग दुकान बंद करून आमच्याकडे आली,
कॉफीच्या रिकाम्या डब्यात नोटा टाकल्या
आणि म्हणाली, आता याचं काय ते करा.

त्या डब्यापासून या अर्जापर्यंत
चार हिवाळे गेले.
पहिल्या वर्षी चाळीस लाख पेसो मिळाले.
ऐकायला डोंगराएवढे;
पण वकिलीण अर्ध्या फीवर येते तरी येते,
आणि रात्रभर जागा राहणारा एक फोन
तीन माणसांची झोप खातो.
बॅटऱ्या, कडीकोयंडे, टॅक्सीचं भाडं,
पळून आलेल्या पोरासाठी खाट.
जिन्यावर आमच्यासोबत चढणाऱ्या काळ्या कुत्र्याच्या
पावाचं बिल पालिकेने नामंजूर केलं.
शेरा: लाभार्थी पात्र नाही.

गेल्या जूनमध्ये पहाटे तीनला
बार बंद करून रोसाल्बा निघाली.
खाली आम्ही दोघं, कुत्रा, एक टॉर्च.
वळणावर चौघं बसले होते, मध्ये बाटली.
एक उठला.
आम्ही शुभ रात्री म्हणालो.
तो परत बसला.
आम्ही चढत राहिलो, धापा टाकत,
रोसाल्बा टाचांना शिव्या देत.
झालं काहीच नाही.
हे किती धरायचं? एक? चार?
की त्याला नुसते पाय मोकळे करायचे होते?

आणि ती शाळा, जिथे नाउएल बोलायला गेला.
रात्र, दगड, टाके, सगळं सांगितलं,
कानाचं सोडून; ते तो कुणालाच सांगत नाही.
तास संपला. एक मुलगा मागे रेंगाळला,
दप्तराचा पट्टा चावत त्याने विचारलं,
कान बरा झाला का?

नाउएल बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, अर्धा.

मुलगा पुन्हा भेटला नाही.
नाउएलने नाव विचारलं नाही,
का, ते मीही विचारलं नाही.
ऑगस्टमध्ये एकशे चौदाव्या पायरीचा दिवा गेला.
पालिकेला तीन पत्रं धाडली.
चौथं लिहायच्या आत
कुणीतरी नवा बल्ब लावून गेलं.
पावती नाही. खर्ची कुठे टाकू?

उद्या बारापर्यंत अर्ज द्यायचा आहे.
ओतिलिया म्हणते, काहीही लिही, शंभर लिही,
त्यांना शंभर आवडतात.
पण बंदरात माझ्या वहीत
कधी काट मारावी लागली नाही.

लहानपणी बाई शिकवायच्या,
सात आणि तीन:
शून्य लिहा, हातचा एक.

चौकटीत शाईने शून्य लिहिलं.
वर, कडेला, पेन्सिलीने,
खोडता येईल इतका फिका,
एक.